‘हर्बल’ पॅकिंगनं माल खरंच टिकतो का? लवंग, ओवा, हळदीच्या अर्काची पूर्ण माहिती. पैसे देण्याआधी वाचा

तासगाव (वार्ताहर) : गेल्या द्राक्ष हंगामात एक विक्रेता आमच्या गावात आला होता. हातात तपकिरी कागदाचे चौकोनी पॅड. “ग्रेप गार्डमध्ये गंधकाचा वायू असतो, यात निव्वळ लवंग आणि दालचिनी. माल महिनाभर हलत नाही,” असं सांगून गेला. मी पंधरा पेट्यांत ते पॅड घातले आणि लांबच्या बाजाराला पाठवले. चौथ्या दिवशी दलालाचा फोन आला. “भाऊ, पेटी उघडली की लवंगेचा वास येतोय आणि तळाच्या मण्यांना बुरशी.” त्या पेट्या पडत्या भावात गेल्या.

तेव्हापासून या विषयामागे लागलो. वाचलं, जाणकारांना विचारलं. समजलं ते असं, की लवंगेत ताकद आहे हे खोटं नाही. पण ती ताकद पेटीत कशी, किती आणि कोणत्या मालाला लागू पडते, हे विक्रेत्यानं सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आता दही, पनीर, चटणी, पोळ्या, फळं अशा सगळ्याच मालासाठी ‘हर्बल’ पिशव्या, पॅड आणि फवारे विकायला येऊ लागलेत. म्हणून ही माहिती एका जागी देत आहे.

थोडक्यात महत्त्वाचं

• लवंग, दालचिनी, ओवा, मोहरी, गवती चहा यांतले काही घटक बुरशी आणि जिवाणूंची वाढ खरोखर रोखतात.
• ते वाढ रोखतात. सडायला लागलेला माल ते परत चांगला करत नाहीत.
• स्वच्छता, प्रीकूलिंग आणि थंड साखळी याला हे पर्याय नाहीत, जोड आहेत.
• ‘नैसर्गिक’ म्हणजे आपोआप सुरक्षित किंवा कायदेशीर, असं नाही.

सूक्ष्मजीव रोखणारं पॅकिंग म्हणजे काय?

साधी पिशवी किंवा खोकं फक्त आडोसा करतं. धूळ, माशी, ओल बाहेर ठेवतं. पण काही पॅकिंग स्वतः काम करतं. द्राक्षवाल्यांना हे नवीन नाही, ग्रेप गार्ड म्हणजे तेच. त्या पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतली ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू हळूहळू सुटतो आणि करड्या बुरशीला रोखतो. वायू जास्त झाला तर मण्यांवर पांढरे डाग पडतात, चव बिघडते. काही ग्राहकांना गंधकाची ॲलर्जीही असते. अमेरिकेत द्राक्षात त्याचा अंश १० पीपीएमच्या वर चालत नाही.

म्हणूनच जगभर पर्याय शोधला जातोय, की हेच काम वनस्पतीच्या अर्कानं करता येईल का. कल्पना तीच आहे, फक्त गंधकाच्या जागी लवंग, ओवा किंवा मोहरी.

इथं एक गोष्ट वेगळी ओळखा. केळीच्या खोक्यात ठेवतात त्या काही पुड्या इथिलीन वायू शोषतात, म्हणजे फळ उशिरा पिकतं. बुटाच्या डब्यातली पुडी ओल शोषते. या पुड्या बुरशी मारत नाहीत. विक्रेता पुडी दाखवत असेल तर आधी विचारा, ही नक्की कशासाठी आहे?

वनस्पतीत असं काय असतं?

झाडाला पळता येत नाही. कीड, बुरशी, जनावर यांच्यापासून वाचायला ते स्वतःच्या अंगातच रसायनं तयार करतं. आपल्याला जो उग्र वास किंवा तिखट झणका लागतो, तो बहुतेक वेळा त्याचाच असतो.

• लवंग : हिच्या तेलात युजेनॉल असतं, साधारण ७० ते ९० टक्के. दातदुखीवर लवंगेचा बोळा ठेवतो तो याच्यासाठीच.
• दालचिनी : सालीच्या तेलात सिनामाल्डिहाइड मुख्य. बुरशीवर चांगलं चालतं.
• ओवा : यात थायमॉल. ओवा चावल्यावर जिभेला जो चटका बसतो तो हाच.
• गवती चहा : सिट्राल. लिंबासारखा वास याचाच.
• मोहरी : कोरडी मोहरी शांत असते. कुटून ओली केली की झणका सुटतो. त्याला ॲलिल आयसोथायोसायनेट म्हणतात. लोणच्यात मोहरीची डाळ उगाच घालत नाहीत.
• हळद : पिवळा रंग देणारं कर्क्युमिन, हळकुंडात साधारण २ ते ५ टक्के. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि उजेडात उडून जातं.
• डाळिंबाची साल : तुरट टॅनिन भरपूर. त्यावर संशोधन पुष्कळ झालेलं आहे.

ते काम कसं करतात?

जिवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा पातळ पापुद्रा असतो. युजेनॉल, थायमॉल ही द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात मिसळणारी. त्यामुळं ती त्या पापुद्र्यात शिरतात आणि तो ढिला करतात. आतला ऐवज बाहेर गळू लागतो, जिवाणूची वाढ थांबते किंवा तो मरतो. पोत्याची शिवण उसवल्यावर धान्य सांडावं तसं.

पण सगळे जिवाणू सारखे नसतात. काहींच्या अंगावर आणखी एक बाहेरचं कवच असतं. पोट बिघडवणारे ई-कोलाय आणि साल्मोनेला त्याच गटातले. त्यांच्यावर हे अर्क तुलनेनं कमी चालतात. म्हणजे ज्यांची भीती जास्त, त्यांनाच औषध जास्त लागतं. हे लक्षात ठेवा.

पॅकिंगमध्ये अर्क घालतात कसा?

चार मुख्य पद्धती आहेत.

१. पॅड किंवा पुडी : तेल कागदात किंवा पावडरीत मुरवून खोक्यात ठेवतात. वाफ हळूहळू सुटते. यासाठी खोकं बऱ्यापैकी बंद हवं. भोकाच्या पेटीत वाफ निघून जाते.

२. प्लॅस्टिकमध्येच मिसळणं : ऐकायला सोपं, करायला अवघड. पॉलिथिनची पिशवी बनवताना १५० अंशांच्या वर तापमान जातं. त्या उष्णतेत सुगंधी तेलाचा मोठा भाग उडतो. म्हणून कारखान्यात ते तेल आधी सूक्ष्म कुपीसारख्या कणांत बंद करतात.

३. आतून लेप : तयार फिल्मच्या आतल्या बाजूला अर्काचा पातळ थर देतात. मालाला टेकतो तिथंच तो काम करतो. मधल्या पोकळीत कमी.

४. खाण्याजोगा लेप : स्टार्च, बाभळीचा डिंक, कोरफडीचा गर, किंवा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढलेलं कायटोसान यात अर्क मिसळून फळावर पातळ थर देतात. फळ आणि लेप दोन्ही खाल्लं जातं, त्यामुळं यातली प्रत्येक वस्तू खाद्य दर्जाचीच लागते.

कुठं वापरात आहे?

जपानमध्ये डब्यातल्या जेवणावर एक पातळ पारदर्शक कागद ठेवतात. त्यात मोहरी आणि वसाबीतलं तेच झणझणीत द्रव्य असतं. डबा बंद असल्यानं वाफ आत राहते आणि भात, मासे काही तास जास्त टिकतात. त्याच देशात नारा भागात माशाची सुशी पर्सिमॉनच्या पानात गुंडाळायची जुनी रीत आहे. आपल्याकडं कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात. तिथं मुख्य काम सुवासाचं, पण पानात गुंडाळायची समज तीच.

दुसरं उदाहरण आपल्या देशाशी नातं असलेलं. कविता शुक्ला या भारतीय वंशाच्या अमेरिकन तरुणीनं शाळकरी वयातच मेथीवर प्रयोग सुरू केले. भारतात आजीकडं आल्यावर चुकून नळाचं पाणी प्यायली, तेव्हा आजीनं मसाल्याचा काढा दिला होता. तिथून ही कल्पना सुचल्याचं ती सांगते. पुढं तिनं मसाल्याच्या अर्काचा ‘फ्रेशपेपर’ हा कागद बाजारात आणला. फळं-भाजीच्या डब्यात तो टाकून ठेवायचा. २०१३ मध्ये त्याला डेन्मार्कचा ‘इंडेक्स’ पुरस्कार मिळाला. पण हा कागद घरच्या भाजीच्या टोपलीसाठी आहे. उन्हातून दोन दिवस जाणाऱ्या ट्रकचं गणित वेगळं.

हळदीचं लेबल : बिघडलेला माल स्वतः सांगेल

हळदीला चुना लावला की कुंकवाचा लाल रंग येतो. कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. कारण कर्क्युमिन खारात गेलं की पिवळ्याचं लाल होतं.

मासे, चिकन बिघडायला लागलं की त्यातून अमोनियासारखे खारट गुणाचे वायू सुटतात. मग पॅकिंगच्या आत हळदीचा छोटा ठिपका असलेलं लेबल लावलं तर? माल ताजा असेपर्यंत ठिपका पिवळा, बिघडू लागला की तांबूस. अशी लेबलं प्रयोगशाळांतून बनवली गेली आहेत. जांभळ्या कोबीच्या रंगापासूनही बनवतात. आपल्या जिल्ह्याच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद फक्त फोडणीपुरती नाही, हे यातून कळावं.

हे कुठं कमी पडतं?

आता माझ्या पंधरा पेट्यांकडं येतो. चूक निम्मी विक्रेत्याची, निम्मी माझी.

पहिलं, माल थंड केला नव्हता. निर्यातीचा माल आपण प्रीकूलिंग करून शून्य अंशाच्या आसपास ठेवतो. तो थंडावाच बुरशीला अर्धा रोखतो, पॅड उरलेलं काम करतं. मी दुपारी तोडून तसाच भरला.

दुसरं, पेटीत आतली पिशवी नव्हती. खोक्याला भोकं होती. लवंगेची वाफ पहिल्याच दिवशी बाहेर. मसाल्याचं पाकीट बंद असूनही बाहेर वास येतो ना? पातळ पॉलिथिनमधूनही हे तेल झिरपत जातं.

तिसरं, मात्रा. बुरशी थांबवायला जेवढं तेल लागतं, तेवढं घातलं तर बऱ्याचदा द्राक्षाला लवंगेची चव लागते. चव नको म्हणून कमी घातलं तर बुरशी थांबत नाही. या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. म्हणून मसालेदार चटणी, मॅरिनेट केलेलं चिकन, लोणचं अशा पदार्थात हे बरं बसतं. दूध, पेढा, द्राक्ष अशा नाजूक चवीच्या मालात अवघड जातं.

चौथं, पदार्थातलं तूप-तेल. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जे तेल जिवाणू मारतं, तेच पनीर किंवा पेढ्यात कमी पडतं. कारण ते पदार्थातल्या स्निग्धात विरघळून बसतं, जिवाणूपर्यंत पोचतच नाही. विक्रेत्यानं दाखवलेला बशीचा फोटो म्हणजे तुमच्या मालाचा निकाल नव्हे.

पाचवं, काही प्लॅस्टिकशी तेलाचं जमत नाही. संत्र्याची साल फुग्यावर पिळली की फुगा फुटतो, हा पोरांचा खेळ तुम्ही पाहिला असेल. तेच तेल थर्माकोल विरघळवतं. कोणतंही सुगंधी तेल थर्माकोलच्या खोक्यात किंवा पातळ डब्यात थेट ओतू नका.

घरचा काढा फवारावा का?

नको. हळद, लिंबाचा पाला उकळून तो काढा फळावर मारायचा सल्ला मोबाईलवर फिरतोय. काढा म्हणजे मुख्यतः पाणी. एक तर तो स्वतःच एक-दोन दिवसात आंबतो. दुसरं म्हणजे फळावर ओल राहते आणि बुरशीला ओलच हवी असते. कर्क्युमिन पाण्यात उतरत नाही, त्यामुळं पिवळा रंग दिसला तरी उपयोग नाममात्र.

लिंबाच्या पाल्याबद्दलही एक गैरसमज आहे. कणगीत कडुलिंबाचा पाला आपण घालतो तो किडीसाठी. भुईमूग किंवा मक्याला ओलीमुळं जी बुरशी येते तिच्यासाठी तो नाही. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते तळूनही पूर्ण जात नाही. तिथं उपाय एकच, माल खडखडीत वाळवणं. पाला घालताना तो हिरवा ओला घालू नका.

कायदा काय सांगतो?

खाद्यपदार्थाच्या पॅकिंगसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे पॅकेजिंग नियम आहेत. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी :

• पदार्थाला लागणारं पॅकिंग खाद्य दर्जाचंच हवं.
• वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायला बंदी आहे. शाईतली रसायनं गरम, तेलकट पदार्थात उतरतात. वडापाव, भजीवाल्यांनी हे लक्षात घ्यावं.
• प्लॅस्टिकमधून पदार्थात उतरणाऱ्या एकूण द्रव्याला मर्यादा आहे : एक किलो पदार्थामागं ६० मिलिग्रॅम, किंवा १० बाय १० सेंटिमीटर पृष्ठभागामागं १० मिलिग्रॅम. याची तपासणी प्रयोगशाळेत होते.

म्हणजे पिशवीत लवंग तेल घातलं म्हणून ती सूट मिळवत नाही. उलट त्यातून मुद्दाम काहीतरी सुटणार आहे, म्हणून तपासणी जास्त गरजेची. ‘विघटनशील’ पिशवी असं कुणी सांगितलं तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

विक्रेत्याला विचारायचे सहा प्रश्न

१. यात कोणता अर्क आहे आणि किती? फक्त ‘हर्बल’ हे उत्तर नव्हे.
२. पॅकिंग खाद्य दर्जाचं असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आहे का? तो याच मालाचा, याच नावाचा आहे का?
३. चाचणी कोणत्या पदार्थावर, किती तापमानाला झाली? माझा माल तोच आहे का?
४. न वापरलेल्या मालाशी तुलना केली का? दोन्हीत किती दिवसांचा फरक पडला?
५. पॅड उघडल्यावर किती दिवस चालतं? बनवल्याची तारीख कुठं आहे?
६. पक्कं बिल देणार का?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण माझ्याकडं बिल नव्हतं म्हणून मला कुठं तक्रारही करता आली नाही.

स्वतः करून बघायची चाचणी

बचत गटाच्या ताईंनी आणि शेतकऱ्यांनी सगळा माल एकदम नव्या पॅकिंगमध्ये घालू नये. एकाच दिवशी, एकाच घाणीचे वीस पुडे करा. दहा जुन्या पॅकिंगमध्ये, दहा नव्या. सगळे एकाच जागी ठेवा, तारीख लिहा. दर दोन-तीन दिवसांनी दोन्हीतला एक-एक उघडा. वास, रंग, चिकटपणा, बुरशी वहीत लिहा, फोटो काढा. फरक दिसला तरच पुढं जा.

यात दोन काळज्या घ्या. शंका असलेला पदार्थ चाखून बघू नका. आणि दिसायला चांगला म्हणजे सुरक्षित, असंही समजू नका. पोट बिघडवणारे जिवाणू वास न येताही वाढतात. लवंगेचा वास तर खराब वास झाकूनही टाकू शकतो. पाकिटावर टिकण्याची तारीख छापायची असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करूनच छापा. पॅकिंगच्या चाचण्यांसाठी मुंबईत अंधेरीला भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. अन्नप्रक्रियेसाठी म्हैसूरची सीएफटीआरआय आणि द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. आपल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारलं तर तेही वाट दाखवतात.

आपल्या मालाला यात भाव आहे का?

हा प्रश्न मला आटपाडीच्या एका डाळिंबवाल्यानं विचारला. दाणे काढल्यावर सालीचे ढीग पडतात, त्या विकल्या जातील का? सालीत गुण आहे, यात शंका नाही. पण गावात कुणी ‘साल साठवा, आम्ही घेऊ’ म्हणत असेल तर आधी लेखी घ्या. आणखी एक अडचण आहे. आपण फवारतो ते औषध सगळ्यात आधी सालीवरच बसतं. अर्क काढताना गुणाबरोबर औषधाचे अंशही येऊ शकतात. म्हणून उद्या हा धंदा उभा राहिला तरी फवारणीची वही ठेवणाऱ्या आणि अंशमुक्त माल देणाऱ्यालाच तो दार उघडेल. ती सवय आतापासून लावली तर तोटा नाही, द्राक्ष-डाळिंबालाही उपयोग होतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हर्बल पॅड घातलं तर फ्रिज नको का?
फ्रिज हवाच. पनीर, दही, ओली चटणी, चिकन यांना थंडावा लागतोच.

ग्रेप गार्ड बंद करून हे वापरू का?
निर्यातीच्या किंवा लांबच्या मालात परस्पर बदल करू नका. खरेदीदाराला विचारा, आधी दोन-चार पेट्यांत बघा.

डब्यात चार लवंगा टाकल्या तर चालतं का?
आख्ख्या लवंगेतून फार कमी वाफ सुटते. नुकसान नाही, पण टिकवण्याची खात्रीही नाही.

लवंग तेल हाताला लागलं तर?
शुद्ध तेल कातडीला आणि डोळ्याला झोंबतं, भाजल्यासारखं होतं. लहान मुलांपासून लांब ठेवा.

या हंगामात मी पुन्हा चाचणी घेणार आहे. पण यावेळी फक्त चार पेट्या, सकाळी तोडलेला माल, प्रीकूलिंग करून, आतली पिशवी लावून आणि शेजारी ग्रेप गार्डच्या चार पेट्या ठेवून. निकाल जो येईल तो इथंच देईन. तुमच्या गावात असं काही विकायला आलं असेल, तर वरचे सहा प्रश्न मोबाईलमध्ये ठेवा आणि आपल्या गटातही पाठवा.